जन्मस्थान, पारपत्र आणि राष्ट्रीय संघ

परदेशात जन्मलेला खेळाडू आपल्या राष्ट्रीय संघात येऊच शकत नाही, ही समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. आणि तिचे निराकरण करण्यास नागपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. 2019 साली हाँगकाँगचा माजी कर्णधार अंशुमन रथ, विदर्भाकडून खेळावे आणि पुढे भारतीय संघाचे दार ठोठावावे या उमेदीने नागपुरात मुक्कामास आला. जन्म हाँगकाँगचा, आईवडील मूळचे ओडिशाचे, पारपत्र भारताचे. आदल्याच वर्षी दुबईत, आशिया चषकाच्या सामन्यात, त्याने व निझाकत खानने भारताविरुद्ध 174 धावांची सलामी दिली होती आणि भारत कसाबसा 26 धावांनी निभावला होता.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमानुसार त्या देशात जन्म, त्या देशाचे नागरिकत्व किंवा तेथील सलग तीन वर्षांचा अधिवास, यांपैकी एक दाखला पुरेसा असतो. सबब रथ जन्माने हाँगकाँगसाठी आणि नागरिकत्वाने भारतासाठी, असा एकाच वेळी दोन्हीकडे पात्र होता.

मात्र परिषदेने अधिवासाची मुभा दिली म्हणून भारतात नुसते राहून भारताकडून खेळता येते, असे मानणे चूक होय. कारण भारत सरकारच्या धोरणाप्रमाणे देशाचे प्रतिनिधित्व भारतीय नागरिकासच करता येते, आणि 'ओव्हरसीज सिटिझन' या नावाने दिले जाणारे पत्र, नावात नागरिक असला तरी, नागरिकत्व नव्हे. त्रिनिदादमध्ये जन्मलेला रॉबिन सिंग भारतीय नागरिकत्व घेऊन 1989 साली भारताकडून उतरला. पुण्याच्या फुटबॉल संघातून खेळणाऱ्या इझुमी अराता याने तर, आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळे, जन्मभूमी जपानचे नागरिकत्व सोडले. केवळ खेळासाठी एवढा त्याग करणाऱ्यास 'परका' म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

एकदा एका देशाकडून खेळला की खेळाडू त्याच देशाचा, हा आणखी एक भ्रम. 8 मार्च 2016 रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर झिंबाब्वेविरुद्ध हाँगकाँगकडून पदार्पण करणारा 44 वर्षांचा रायन कॅम्पबेल 2002 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळून चुकला होता. परिषदेच्या पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या, देशाकडून खेळलेल्यास दुसऱ्या देशाकडे जाण्यापूर्वी तीन वर्षांची मुदत काढावी लागते. उलट सहसदस्य देशाच्या खेळाडूस पूर्ण सदस्य देशाकडे जाण्यास ती अट नाही, आणि म्हणूनच हाँगकाँगमध्ये जन्मून त्याच देशाकडून खेळलेला मार्क चॅपमन 2018 मध्ये न्यूझीलंडच्या संघात दाखल झाला. खेळाडूच्या उत्कर्षाच्या दृष्टीने ही सवलत योग्य असली, तरी कष्टाने घडविलेला गडी मोबदल्याविना गमावणाऱ्या लहान मंडळांची त्यात दाद लागत नाही, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

पात्रता म्हणजे निवड नव्हे, हा भेद तर वारंवार विसरला जातो. कायद्याने मोकळा असलेला रथही भारतात देशांतर्गत क्रिकेटच्याच वाटेने जाणार होता. तो पुढे ओडिशाकडून खेळला, परंतु भारतीय संघात त्याची वर्णी लागली नाही. भारताकडून एकही सामना न खेळल्यामुळे परतीच्या वाटेवर मुदतीची अट त्याला आडवी येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि 2025 च्या आशिया चषकात तो पुन्हा हाँगकाँगचा सलामीवीर म्हणून खेळला.