वारस आला की भाव उतरतो

डिजिटल कॅमेऱ्याचे मोल त्याच्या झिजेने जितके उतरते, त्याहून किती तरी अधिक ते त्याच्या वारसाच्या आगमनाने उतरते, हे कॅननच्या ‘फाइव्ह-डी’च्या इतिहासात स्वच्छ दिसते. २००५ साली सुमारे ३,३०० डॉलरांस बाजारात आलेला, ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेला हा कॅमेरा व्यावसायिकांनी मोठ्या उमेदीने घेतला. परंतु २००८च्या सप्टेंबरात त्याची चलच्चित्रणही करणारी दुसरी आवृत्ती २,७०० डॉलरांस जाहीर झाली, तेव्हा जुन्या कॅमेऱ्यात तिळमात्र बिघाड नसतानाही त्याच्या दरास नवी कमाल मर्यादा पडली. कारण अधिक गुणांची कोरी वस्तू हमीसह ज्या रकमेस मिळते, तिच्याहून बरीच कमी रक्कमच ग्राहक वापरलेल्या वस्तूस देतो. शिवाय नव्याच्या ओढीने जुने विकणारे एकाच वेळी बाजारात उतरतात.

भिंगांची गोष्ट निराळी. कॅननची १९८७ पासूनची ‘ईएफ’ भिंगे या दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखीच बसतात. म्हणून पैसा भिंगात घालावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

जुना कॅमेरा घेणाऱ्याने मात्र शटरच्या उघडझापीचा आकडा अवश्य तपासावा. पहिल्या ‘फाइव्ह-डी’चे शटर १ लाख उघडझापींच्या हिशेबाने बांधलेले होते, आणि त्या आकड्याजवळ पोहोचलेल्या नगाच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा करणे हाच वाजवी व्यवहार होय.

क्वचित उलटही घडते: फुजीफिल्मच्या ‘एक्स-१००-व्ही’चा पुरवठा मागणीस अपुरा पडताच, २०२३च्या सुमारास वापरलेले नगही मूळ किमतीहून चढ्या दराने विकले गेले.