पाळीव कुत्रा चावला तर जबाबदार कोण?

धुणीभांडी करणारी बाई बंगल्याचे फाटक उघडते आणि मोकळा सोडलेला कुत्रा तिच्या पोटरीचा लचका तोडतो. मालक शंभराची नोट पुढे करून म्हणतो, "सांभाळून यायचं ना!" काम जाईल या भीतीने बाई गप्प बसते.

भगिनींनो, अशा वेळी गप्प बसू नका. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने बंदोबस्त न करणे, हा मालकाचा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २८९ होते. त्यात दंड फार तर १००० रुपये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू झाले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. पोलिसांनी फिर्याद नोंदवून तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई दिवाणी न्यायालयात वेगळी मागता येते.

आधी मात्र जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. केसपेपर जपून ठेवा. उद्या न्यायालयात तोच तुमच्या बाजूने बोलेल.