शेवंतीसाठी दिव्यांची निवड

शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती होय. रात्र लांबली की ती कळी धरते. महाराष्ट्रात हिवाळ्यात दिवस सुमारे ११ तासांचा असल्याने त्या वेळी लावलेली रोपे दांडा पुरेसा वाढण्यापूर्वीच कळीवर येतात, व आखूड दांड्याच्या फुलास भाव मिळत नाही. यास उपाय म्हणजे लागवडीनंतर रोज रात्री १० ते २ या वेळात दिवे लावून रात्रीचे दोन तुकडे करणे.

हे दिवे सूर्यप्रकाशाची जागा घेण्यासाठी नसतात. म्हणून अधिक वॅटचे महागडे दिवे घेणे व्यर्थ होय. कळी थोपविण्याचे काम मुख्यत्वे तांबडा प्रकाश करतो. यास्तव तांबडे अथवा पिवळसर पांढरे एलईडी दिवे निवडावेत. जुन्या तारेच्या बल्बनेही काम होते. परंतु त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते.

दोन दिव्यांमधील सर्वांत अंधाऱ्या जागी, रोपांच्या शेंड्याशी लक्समापक धरून सुमारे १०० लक्स प्रकाश मिळतो काय, हे पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मोजमाप शेतकऱ्यास करून दाखवावे. कोपरा अंधारात राहिल्यास तेथील झाडे आधी फुलतात व तोडणी एकसारखी होत नाही. हरितगृहातील हवा दमट असते. सबब पाणी न शिरणारे दिवे घेऊन जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवावी.

दांडा हवा तेवढा वाढताच दिवे बंद करावेत. त्यानंतर जातीपरत्वे साधारणतः ७ ते १० आठवड्यांत फुले येतात. बाजाराच्या दिवसापासून मागे मोजून ही तारीख ठरवावी, आणि पुढे रस्त्यावरील दिव्याचा उजेडही आत येऊ देऊ नये.