नवीन ग्राफिक्स कार्ड : घ्यावे की थांबावे?

मित्रांनो, कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, जरा सांभाळून घ्या!

मागच्या सेमिस्टरला मी घरी हट्ट धरला, आरटीएक्स ५०९० पाहिजेच. जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आलेल्या या कार्डात ३२ जीबी मेमरी आहे. जाहीर किंमत १९९९ डॉलर. बाबा म्हणाले, "अभ्यासाला लागत असेल तर एफडी मोडू." मग मात्र मी घाबरलो आणि हिशोबाला बसलो.

पहिला प्रश्न मॉनिटरचा. माझा १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, आणि ६० हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला २०० फ्रेम्स काढल्या तरी हा पूर्ण दाखवणार ६०च. फोर-केला बरोबर चौपट पिक्सेल लागतात. महागड्या कार्डाची खरी गरज तिथे.

दुसरा प्रोसेसरचा. व्ही-सिंक बंद करून गेमचे रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर अडथळा कार्डाचा नसून बहुधा प्रोसेसरचा. माझ्याकडे तसेच निघाले!

तिसरा विजेचा. हे कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज खाते, कंपनी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. माझा ४५०चा. म्हणजे तोही बदला.

हां, कुणाला मोठी एआय मॉडेल्स घरीच चालवायची असतील, तर ३२ जीबीचा उपयोग नक्की आहे. माझ्या प्रोजेक्टचे मॉडेल छोटे. ते कॉलेजच्या लॅबमध्ये एका रात्रीत ट्रेन होते.

हॉस्टेलवरून बाबांना फोन केला, "एफडी राहू द्या." क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "जेवलास का?"