पडलेल्या दाताची जागा

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण दात नसणे म्हणजे केवळ चण्यांना मुकणे नव्हे. व्याकरणाच्या तासाला त, थ, द, ध हे दंत्य वर्ण आपण पाठ करतो; त्या नावाचा अर्थ मला आजीने कवळी काढून ठेवली म्हणजे कळतो. जिभेला टेकायला जागाच उरत नाही आणि तिचे शब्द पोकळ ऐकू येतात.

गेल्या वर्षी वडिलांची खालची एक दाढ काढावी लागली. "एका दाढेने काय अडते?" असे त्यांचे म्हणणे होते. दंतवैद्यांनी त्यांना जे समजावले, ते आपल्यालाही ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

दात गेला की शेजारचे दात हळूहळू मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरचा दात आधार नसल्याने बाहेर सरकतो. शिवाय जबड्याच्या हाडाला चावण्याचा भार मिळेनासा होतो व ते झिजू लागते. म्हाताऱ्या माणसांची खालची कवळी सैल होते ती बहुधा याच कारणाने.

या जागेवर उपाय तीन. पहिला काढता-घालता येणाऱ्या दातांचा. तो स्वस्त, पण चावताना हलतो. दुसरा ब्रिजचा. यात दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला कृत्रिम दात त्यांना जोडतात. तो पक्का बसतो, परंतु त्यासाठी निरोगी दातांचा बळी द्यावा लागतो. तिसरा इम्प्लांटचा, म्हणजे हाडातच नवे मूळ रोवण्याचा.

या तिसऱ्या उपायाचा शोध दातांच्या संशोधनातून लागलाच नाही! स्वीडनमधील ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ 1952 च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेचना. हाड तिला घट्ट चिकटले होते. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि शरीर त्याला परका मानत नाही. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षे ते त्यांच्या उपयोगी पडले. तरीही जगाने ही पद्धत मनापासून मानली ती 1982 च्या टोरांटो येथील परिषदेनंतर.

स्क्रू बसवल्यावर हाड जुळून येण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. मग त्यावर जोड आणि शेवटी दात. असा दात किडत नाही, पण भोवतालची हिरडी व हाड रोगाने पोखरले जाऊ शकते. म्हणून स्वच्छता सुटत नाही. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे तर याचे मोठे वैरी.

आमच्या घरी प्रश्न इथेच अडला. खर्चाचा आकडा ऐकून आईने धाकट्या भावाच्या फीची आठवण करून दिली. ब्रिजसाठी चांगले दात घासायला बाबा तयार नव्हते. आणि इम्प्लांट हवा असेल तर तंबाखू आधी सोडा, असे दंतवैद्यांनी बजावले. वीस वर्षांची सवय! बाबांनी डबी टाकून आता चार महिने झाले आहेत. पैसे जमताहेत, शुद्ध हिरड्यांची तपासणी पुढल्या महिन्यात आहे. दाढ बसेल तेव्हा बसेल. पण आईच्या मते निम्मा उपचार आताच झाला आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कितीजण कट्ट्यावर पुड्या फोडतात हे मी सांगायला नको. विज्ञानाने नवे मूळ रोवून दाखवले, हे त्याचे मोठेपण. तरी आपल्या स्वतःच्या दाताइतका स्वस्त आणि चांगला दात अजून कुणी केलेला नाही.