लघवीतला गंज

पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी आणि गावाकडेच राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची तुलना 1995 साली प्रसिद्ध झाली. आईबाप तेच, तरी लंडनकरांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर जास्त भरली. रक्तातला लायपोप्रोटीन-ए हा चरबीवाहक कण मात्र दोन्हीकडे सारखाच, कारण त्याचं प्रमाण बहुतांशी जनुकांवर ठरतं.

वारसा तोच राहिला, पण त्या डीएनएची रोजची झीज? ती मोजता येते.

पेशीतल्या मायटोकाँड्रियात अन्न ऑक्सिजनच्या साहाय्यानं जळतं. काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि त्याची गाठ लोहाशी पडली तर फारच तापट असा हायड्रॉक्सिल रॅडिकल. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन याला सर्वांत लवकर बळी पडतं. ऑक्सिजन चिकटलेलं, म्हणजे जणू गंजलेलं, ग्वानिन सायटोसिन सोडून ॲडेनिनशी जोडी जमवू शकतं, म्हणजे पुढच्या नकलेत अक्षरच चुकतं. दुरुस्ती करणारी विकरं बिघाड काढत राहतात. हा काढलेला चुरा लघवीत उतरतो. पेशींत सुट्या पडलेल्या, डीएनएत अजून न गुंफलेल्या अक्षरांचा गंजही त्यातच येतो. लघवीतला हा गंज मोजला, तर धूम्रपान करणाऱ्यांत आकडा चढा असतो.

आता खरी मेख. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून गंजाचा आकडा लघवीतल्याच क्रिएटिनिन या द्रव्याच्या प्रमाणात सांगतात. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, थोडं मांसाहारातूनही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 सालचा जोडफोटो घ्या: दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. चरबी जास्त म्हणजे त्याच वजनात स्नायूंना जागा कमी. अशा माणसाचं क्रिएटिनिन कमी भरलं, तर भागाकारात गंज आपोआप फुगतो, आणि एखाद्या अख्ख्या समाजावर ‘जास्त झिजलेला’ असा शिक्का बसतो. वांशिक तुलना वाचताना मी आधी हा छेदच तपासतो.

सख्ख्या भावंडांत वंश तोच असतो, म्हणूनच त्यांची तुलना मोलाची. तिथेही स्थलांतरानंतर आहार आणि अंगकाठी बदलतेच, तेव्हा चोवीस तासांची लघवी साठवणं बरं, म्हणजे क्रिएटिनिननं भागायलाच नको. पण लघवीचा कॅन घेऊन कामावर जायला कोण राजी होणार?