हस्तिदंतातला मेंढपाळ

नाशिककरांना पांडवलेण्यांमुळे बुद्धमूर्तीची शांत बैठक परिचयाची आहे. तशीच शांतता सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी ख्रिस्ताच्या मूर्तीत उतरवली, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

या मूर्तींना पोर्तुगीज भाषेत ‘बों पास्तोर’, म्हणजे चांगला मेंढपाळ, असे नाव आहे. डोंगरमाथ्यावर बाळ येशू बसलेला असतो. एक कोकरू खांद्यावर, दुसरे मांडीवर. पायावर पाय, गालाला टेकलेला हात आणि मिटलेले डोळे. खाली झरा, त्यावर पाणी पिणाऱ्या मेंढ्या आणि तळाच्या गुहेत पश्चात्तापात बुडालेली मरिया मग्दालिया. युरोपात हा मेंढपाळ बहुधा कोकरू खांद्यावर घेऊन उभा दिसतो. गोव्यात तो डोळे मिटून बसला. काही अभ्यासकांना त्यात बुद्धाची छाया दिसते.

हस्तिदंत पोर्तुगीज जहाजांतून, मुख्यतः आफ्रिकेतून येई. सुळा वाकडा आणि टोकाकडे निमुळता असतो. कारागिराला त्याचे ऐकावेच लागते. मध्ययुगात जर्मनीत, फ्रान्समध्ये कोरलेल्या कित्येक मरियामाता सुळ्याच्या बाकाबरोबर कमरेत किंचित झुकल्या आहेत. आपल्या कारागिरांनी निमुळत्या सुळ्यात पायरीपायरीने चढणारा डोंगरच पाहिला.

पण हे हात कुणाचे? १५६७ साली गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्तीतर कारागिरांकडून चर्चसाठी मूर्ती, चित्रे करून घेण्यास मनाई केली. पुढेही असे हुकूम निघाले. मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते, याचा अर्थ काम थांबले नव्हते. मूर्तींवर करणाऱ्यांची नावे नाहीत. पण परक्या देवाला आकार देताना, देव कसा बसतो याची आपली कल्पना त्यांनी बाजूला ठेवली नाही, एवढे मूर्तीच सांगते.

मेंढपाळ तरी परका कुठे होता? आमच्या घरात लहानपणी सांगत, प्रत्येक पैगंबराने कधी ना कधी मेंढ्या राखल्या. गुराखी कृष्ण सर्वांना माहीत आहे. आणि कळप घेऊन रस्त्याने जाणारे धनगर आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत.

हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद आहे, आणि हत्तींसाठी ते योग्यच झाले. जुने काम मात्र जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात पाहता येते. गोव्याला गेलात तर समुद्रकिनाऱ्यातून एक तास काढा आणि त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे थोडे थांबा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)